बक्षिसाच्या प्रश्नमंजुषेसाठी इथे मदत मागावी का? मागायची तर कशी?

वाऱ्यावरचं फडकं

मंडळी, थोडं चिडून लिहितोय. शब्द इकडेतिकडे झाला तर सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात ‘सहज पडलेले प्रश्न’ विभागात एकाने विचारलं, “ज्याच्या राष्ट्रध्वजाच्या दोन बाजू वेगवेगळ्या आहेत असा एखादा देश आहे का? सहज कुतूहल.” माझा आयडी बघूनच कळेल की ध्वजांबद्दल कुणी विचारायचाच अवकाश, मी सुटतो. रात्री जेवून बसलो तो साडेबाराला उठलो. ‘पराग्वे’ एवढा एक शब्द टाकून झोपता आलं असतं. पण नाही. लाल, पांढरा, निळा असे आडवे पट्टे, पुढून राष्ट्रचिन्हातला तारा आणि त्याभोवतीच्या डहाळ्या, मागून कोषागाराची मुद्रा, त्यात सिंह आणि काठीवर अडकवलेली लाल टोपी, सगळं लिहिलं. मोल्दोव्हाच्या ध्वजावर २०१० पर्यंत मागच्या बाजूला चिन्ह नसायचं, तेही लिहिलं. वर सौदी अरेबियाचं अवांतर जोडलं: मजकूर दोन्ही बाजूंनी सुलट वाचता यावा म्हणून दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवतात, आणि त्यावर कलमा असल्याने तो ध्वज शोकातही अर्ध्यावर आणत नाहीत.

यावर उत्तर काय आलं? “ओके. आणि चौकोनी नसलेला एकमेव राष्ट्रध्वज?”

सांगितलं, नेपाळ. लगेच तिसरा प्रश्न. तो वाचताना मात्र हात थांबला, कारण सुरुवातीला ‘७)’ होतं आणि शेवटी कंसात ‘२ गुण’. कुतूहलाला गुण कधीपासून मिळायला लागले? दुसऱ्या दिवशी एका व्हॉट्सॲप गटावर एका बक्षीस स्पर्धेची लिंक फिरत आली. पाच, सहा, सात. तेच प्रश्न, त्याच क्रमाने, शब्दही न बदलता. परत येऊन बघतो तर मूळ प्रश्न संपादित करून तिथे नुसतं एक टिंब ठेवलेलं. खाली माझा साडेबारापर्यंतचा निबंध, वर टिंब.

बक्षीस गेलं म्हणून चिडलेलो नाही, मी त्यात भागही घेतला नव्हता. “बक्षिसाची प्रश्नमंजुषा आहे, इथे अडलोय, दिशा दाखवा,” असं म्हणाला असता तर दाखवली असती. मला कुतूहल म्हणून विकलं गेलं, याचा राग आहे.

तर विचारतो. अशी मदत मागण्याची काही रीत असावी का?

आडवे उभे

फडकंराव, शंभर टक्के सहमत. टिंबाबद्दल तर दोनशे टक्के.

शब्दकोड्यांच्या जगात हा प्रश्न फार जुना आहे. इंग्रजी वृत्तपत्रांच्या शनिवारच्या बक्षीस-कोड्यांवर चर्चा करणारे ब्लॉग आहेत. रोजच्या कोड्याची उकल ते त्याच दिवशी छापतात, बक्षिसाच्या कोड्याची मात्र प्रवेशिकांची मुदत उलटल्यावर. तोवर कुणी प्रतिक्रियेत एखादं उत्तर सूचकपणे जरी लिहिलं तरी उडवतात. त्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही, आणि मुदतीनंतर जी चर्चा रंगते ती बघण्यासारखी असते, कारण सगळे आठवडाभर तोंड दाबून बसलेले असतात.

माझी स्वतःची रीत अशी, की कुणी विचारलं तर उत्तर देत नाही, एक पायरी देतो. आणि समोरचा कुठवर पोचलाय ते आधी विचारतो. “मला चौथं अक्षर ‘व’ मिळालंय, पण तेच चुकीचं असावं,” असं म्हणणारा माणूस आणि कोड्याचा फोटो टाकून “प्लीज अर्जंट” म्हणणारा माणूस, दोघांना एकाच पंक्तीत बसवता येत नाही.

कोडगा

एवढा त्रागा कशाला बुवा? तुम्हाला माहीत होतं, तुम्ही सांगितलं. विद्या दिल्याने वाढते, हे शाळेच्या फळ्यावर रोज वाचत होतो की आपण.

घरात बहिणीला विचारलं तर चालतं. शेजारच्या काकांना विचारलं तर चालतं. ग्रंथपालांना विचारलं तर उलट कौतुक होतं. इथे विचारलं की एकदम पाप? आणि त्या जगप्रसिद्ध करोडपती खेळात तर मित्राला फोन लावायची अधिकृत सोय होती. सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या.

आणि आयोजक तरी कुठे धुतल्या तांदळासारखे असतात? त्यांना तुमचे फोन नंबर हवे असतात, बाकी काही नाही.

(नावाप्रमाणेच आहे, हलके घ्या.)

आडवे उभे

@कोडगा, फोनचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. ती सोय नियमांत लिहिलेली होती, सगळ्यांना सारखी होती, वेळ तीस सेकंद, आणि कोण कुणाला विचारतंय ते लाखो लोक बघत होते. तरी काय झालं बघा. पलीकडचा मित्र फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने इंटरनेटवर शोधायला लागला. मग ती मित्राची आठवण राहिलीच कुठे? अमेरिकेतल्या आवृत्तीने याच कारणाने जानेवारी २०१० मध्ये ती सोय काढून टाकली.

बहिणीचं म्हणाल, तर बहिणीला माहीत असतं ना तुम्ही कशासाठी विचारताय ते. नको असेल तर ती सरळ ‘नाही सांगत जा’ म्हणते. फडकंरावांना ती संधीच मिळाली नाही.

सव्वादोन

मी गणिताच्या बाजूने दोन पैसे टाकतो.

बऱ्याच प्रश्नमंजुषांमध्ये सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्यांत सोडत असते. समजा ४० जणांची उत्तरं बरोबर आहेत. प्रत्येकाची शक्यता ४० त १, म्हणजे अडीच टक्के. आता अवघड प्रश्नाचं उत्तर जाहीरपणे कुठेतरी पडलं आणि आणखी ४० जणांनी ते उचललं. शक्यता सव्वा टक्का. आयोजकाचं काहीही गेलं नाही, तो एकच बक्षीस देणार होता, एकच देईल. ज्यांनी स्वतः डोकं खाजवलं त्या ४० जणांची निम्मी शक्यता तेवढी गेली. कोडगासाहेब, “कुणाचं काय जातं” याचं हे उत्तर.

दुसरं. ‘मदत’ हा शब्द आपण फार ढिला वापरतो. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी युसॅम्ट्स नावाची गणितस्पर्धा आहे. गणितं घरी बसून सोडवायची, हातात काही आठवडे असतात. पुस्तकं वापरा, गणकयंत्र वापरा, संगणक वापरा, सगळं चालतं. चालत नाही ते एकच: मुदत संपेपर्यंत दुसऱ्या माणसाशी त्या गणितांबद्दल बोलणं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलं, आख्खं ग्रंथालय उघडं आणि शेजारचा मित्र बंद! नंतर पटलं. पुस्तकातून तुम्हाला हवं ते शोधून काढावं लागतं. माणूस तुमच्यासाठी शोधून देतो.

कोडगा

सव्वादोन, गणित मान्य. पण ज्याने स्वतः शोधलं त्याने तरी काय दिवे लावले? गूगलच केलं ना? मग त्याचं गूगल पवित्र आणि माझं विचारणं अपवित्र?

सव्वादोन

गूगलमध्ये काय टाकायचं हे ज्याला सुचलं, त्याने अर्धं काम केलेलं असतं. नियमात शोधायला मनाई असेल तर तेही नाही. म्हणून पहिलं काम नियम वाचणं. ‘प्रवेशिका स्वतःची असावी’ एवढी ओळ बहुतेक ठिकाणी असतेच, कुणी तिथवर स्क्रोल करत नाही.

प्रश्नांची पोतडी

मी या टेबलाच्या पलीकडची आहे. बरीच वर्षं एका मंडळासाठी बक्षिसांच्या प्रश्नमंजुषा काढते. एक किस्सा सांगते.

एकदा प्रश्न घातला, “चंद्रावर पाऊल ठेवणारा शेवटचा माणूस कोण?” चूक माझीच होती, आधी कबूल करते. अपोलो १७, डिसेंबर १९७२. चंद्रावरून सगळ्यात शेवटी यानात परतला तो यूजीन सर्नन. पण उतरताना सर्नन आधी उतरला होता आणि हॅरिसन श्मिट त्याच्यामागून. म्हणजे चंद्रावर गेलेल्या बारा जणांत पहिल्यांदा पाऊल टेकवण्यात शेवटचा श्मिट. ‘शेवटचं पाऊल कुणाचं’ आणि ‘पाऊल ठेवणारा शेवटचा कोण’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे प्रवेशिका हातात आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

तर प्रवेशिका तपासायला बसले. एकात लिहिलेलं, “यूजीन सरनान, असं वाचल्याचं आठवतं. चूभूद्याघ्या.” वाटलं, किती नम्र माणूस! पुढच्या गठ्ठ्यात पुन्हा “सरनान, असं वाचल्याचं आठवतं. चूभूद्याघ्या.” मग आणखी एक. मग आणखी. स्पर्धेच्या प्रवेशिकेत चूभूद्याघ्या! कुणा भल्या माणसाने कुठल्याशा मंचावर रात्री आठवेल तसं लिहिलं असणार आणि या मंडळींनी नम्रतेसकट उचललं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग हसू ओसरलं, कारण ज्या दोघातिघांनी श्मिटबद्दल नीट कारण देऊन लिहिलं होतं त्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. शेवटी तो प्रश्न रद्द केला. म्हणजे ज्यांनी सगळ्यात जास्त विचार केला त्यांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. त्यातल्या एका आजोबांचा फोन आला होता. रागावले नव्हते, फक्त विचारत होते, “माझं कारण तरी वाचलंत ना?”

काही मंडळी मुद्दाम सापळे लावतात. फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात कोलंबो या टीव्हीवरच्या गुप्तहेराचं पहिलं नाव ‘फिलिप’ असं ठोकून दिलं होतं, आपला माल कोण चोरतं ते पकडायला. ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या खेळात तोच फिलिप प्रकटला. वर्थने १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला आणि हरला, कारण तथ्यांवर कुणाची मालकी नसते असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. सापळ्यात उंदीर सापडला, पण पिंजरा उघडून सोडून द्यावा लागला.

मी सापळे लावत नाही. आपल्याला लागतच नाहीत, चूभूद्याघ्या पुरतं.

वाऱ्यावरचं फडकं

पोतडीताई, चूभूद्याघ्या वाचून राग निम्मा उतरला. मीही माझ्या निबंधाखाली ते लिहिलं होतं, आता तो प्रवेशिकेत कुठे छापून आलाय का बघायला हवं!

लोणकढी

@कोडगा, “आयोजक कुठे धुतल्या तांदळासारखे” यावरून आठवलं. १९५०च्या दशकात अमेरिकेत टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषांनी वेड लावलं होतं, तेव्हा ‘ट्वेंटी वन’ कार्यक्रमात निर्मातेच लाडक्या स्पर्धकांना उत्तरं आधी देत होते. कपाळावरचा घाम कधी पुसायचा तेही पढवलेलं. चार्ल्स व्हॅन डोरेन हा तिथला मोठा नायक. १९५९ मध्ये संसदीय समितीपुढे त्याने सगळं कबूल केलं, आणि १९६० मध्ये असल्या बनवाबनवीविरुद्ध कायदा झाला. म्हणजे तुमची शंका अगदीच हवेतली नाही. पण आयोजक लबाड असला की बाकीच्या स्पर्धकांना फसवायची मुभा मिळते, हे तुमचं तर्कशास्त्र मला झेपलं नाही.

अति अवांतर: कॅनडात सोडतीत नाव आलं तरी बक्षीस हातात द्यायच्या आधी एक छोटं गणित घालतात, बेरीज-गुणाकाराचं. निव्वळ नशिबावर बक्षीस द्यायला तिथला कायदा आडवा येतो, म्हणून हा कौशल्याचा देखावा. आणि ते गणित कुणाच्याही मदतीशिवाय सोडवायचं असतं. म्हणजे बघा, जिथे प्रश्न नावापुरता आहे तिथेही ‘स्वतः’ हा शब्द सुटत नाही.

कोडगा

बरं बरं, सगळे मिळून धुवायला लागलात. मी फक्त एवढंच म्हणतो की अडलेल्या माणसाने करायचं काय? उत्तर मागायचं नाही, गप्पही बसवत नाही.

आडवे उभे

दाखवतो. हे माझं घरचं कोडं. बक्षीस नाही, त्यामुळे निर्धास्त.

“उलटं वाचलं तरी बदलत नाही, पण मिळालं तर सगळं बदलून जातं.” पाच अक्षरं.

विचारा मदत. पण नीट विचारा.

कोडगा

उत्तर काय?

आडवे उभे

😀 पुन्हा.

कोडगा

ठीक. उलटसुलट सारखा शब्द आहे हे कळलं. म्हणजे पहिलं अक्षर आणि पाचवं एकच, दुसरं आणि चौथं एकच. ‘कडक’ वगैरे तीन अक्षरी सुचतात, पाच अक्षरी नाही. इथे अडलो.

आडवे उभे

बघा, आता मला तुमच्याशी बोलता येतंय. आधीच्या प्रश्नावर माझ्याकडे दोनच पर्याय होते, सांगणं किंवा न सांगणं. पहिली पायरी: पाच अक्षरांचा एक अखंड शब्द शोधू नका. दोन शब्द जोडलेले आहेत, दोन अक्षरांचा आणि तीन अक्षरांचा.

अर्धविराम

हे कोडं चालू असताना मध्येच येते, माफ करा. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते.

काही वर्षांपूर्वी एका प्रश्नमंजुषेत मला बक्षीस लागलं, बिनतारी हेडफोन. दहा प्रश्नांपैकी नऊ माझे मी सोडवले होते. दहावा एका वेगळ्या मंचावर विचारला, ‘भाच्याच्या प्रकल्पासाठी हवंय’ असं म्हणून. भाचा तेव्हा सव्वा वर्षाचा होता. एका सद्गृहस्थांनी तीन परिच्छेद लिहून समजावलं, वर भाच्याला शुभेच्छा.

निकाल लागल्यावर त्याच मंचावर कुणीतरी यादी डकवली. तेव्हा कळलं की त्या गृहस्थांनीही भाग घेतला होता, त्यांचीही दहाच्या दहा बरोबर होती आणि सोडतीत माझी चिठ्ठी निघाली. यादीतलं माझं नाव आणि मंचावरचा आयडी सारखाच होता. त्यांनी लिहिलं, “अभिनंदन! आणि भाच्याचा प्रकल्प कसा झाला?”

टोमणा होता की खरंच विचारत होते, आजतागायत कळलेलं नाही. मी उत्तर दिलं नाही. हेडफोन रोज वापरते, खोटं कशाला सांगू. त्या मंचावर मात्र पुन्हा गेले नाही.

प्रश्नांची पोतडी

अर्धविराम, लिहिलंस ते बरं केलंस गं.

सव्वादोन

सव्वा वर्षाचा भाचा 😀 क्षमस्व, पण राहवलं नाही.

तिसरी घंटा

मला कळत नाही, आजकाल माणसांना विचारतं तरी कोण? एआयला विचारा, दोन सेकंदांत उत्तर. ना टिंब ठेवायची गरज, ना भाचा लागतो.

प्रश्नांची पोतडी

विचारतात ना, तिसरी घंटा. आणि तेही माझ्यापर्यंत पोचतंच. पूर्वी चूभूद्याघ्या यायचं, आता दोन ओळींच्या उत्तराला सुबक प्रस्तावना आणि शेवटी “आणखी काही मदत हवी आहे का?” असं येतं. ते खोडायचंही कष्ट घेत नाहीत.

गंमत म्हणजे चंद्राचा तो प्रश्न मी अशाच एका बॉटला विचारून बघितला. त्याने ठामपणे एकच नाव दिलं आणि दुसऱ्या अर्थाचा उल्लेखही केला नाही. माझ्यासारखीच चूक, फक्त आत्मविश्वास जास्त. माणूस निदान “म्हणजे नक्की काय विचारायचंय तुम्हाला?” असं म्हणतो. फडकंरावांसारखा असेल तर सौदी अरेबियापर्यंत नेऊन आणतो.

संपादक

चर्चा चांगली चालू आहे म्हणून मध्ये पडलो नव्हतो. संपादक मंडळात यावर बोलणं झालं, ते सांगतो.

चालू स्पर्धेचे प्रश्न विचारायला सरसकट बंदी घालणार नाही. बंदी घातली की सगळे भाचे-पुतणे पुढे येतात, हे वर दिसलंच. मात्र बक्षिसाची स्पर्धा असेल तर शीर्षकातच तसं लिहायचं, सोबत प्रवेशिकेची शेवटची तारीख द्यायची. स्वतः काय प्रयत्न केला ते लिहायचं. उत्तर देणाऱ्यांनी मुदतीपर्यंत फक्त दिशा दाखवायची. कुणी सरळ उत्तर लिहिलं तर ते आम्ही झाकू, मुदत संपली की उघडू. स्पर्धेच्या नियमांत बाहेरची मदत घ्यायला स्पष्ट मनाई असेल तर धागा तेवढ्या काळापुरता कुलूपबंद. मॅथ स्टॅक एक्सचेंज या गणिताच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरही जवळपास हीच पद्धत आहे: चालू स्पर्धेतलं गणित आहे असं लक्षात आलं की नियंत्रक तो प्रश्न स्पर्धा संपेपर्यंत कुलूपबंद करतात.

आणि प्रतिसाद आल्यावर मूळ प्रश्न पुसून टिंब ठेवायची सोय बंद करतोय. ज्याने उत्तर लिहिलं त्याचाही धाग्यावर काही हक्क असतो.

एक वेगळी गोष्ट, या चर्चेशी थेट संबंध नाही, पण तक्रारी येतात म्हणून: बक्षीस लागलंय, ते सोडवून घ्यायला आधी शुल्क भरा किंवा ओटीपी सांगा, असं सांगणाऱ्या ‘प्रश्नमंजुषां’च्या लिंका इथे टाकू नका. त्या न विचारता उडवल्या जातील.

लोणकढी

+१. टिंबबंदीचं विशेष स्वागत.

एक सुचवू? मुदत संपल्यावर विचारणाऱ्याने परत येऊन सांगायचं, उत्तर बरोबर होतं की नाही, बक्षीस लागलं की नाही. याची सक्ती करता येणार नाही, माहीत आहे. पण उत्तर देणारा माणूस तिथेच लटकत राहतो हो. मी एकाला एका नाण्याबद्दल सांगितलं होतं, ते बरोबर निघालं का हे मला अजून माहीत नाही.

कोडगा

मंडळी, थांबा. नव… नाही, लिहीत नाही. सापडलं! शप्पथ सापडलं! दोन अक्षरं आणि तीन अक्षरं, आणि मधलं अक्षर एकटंच. काल रात्रीपासून डोक्यात फिरत होतं, आत्ता भांडी घासताना सुचलं. आडवे उभे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा. आणि कुणीही इथे उत्तर लिहू नका रे, बाकीच्यांची मजा जाईल.

आडवे उभे

व्यनि पोचला. अचूक.

(वरची शेवटची ओळ कोडगा यांनी लिहिली आहे याची नोंद घ्यावी.)

कोडगा

घेतलीत ना नोंद, आता पुढचं कोडं टाका.

कुतूहल१०१

नमस्कार. तो ध्वजाचा प्रश्न विचारणारा मीच. दोन दिवस हा धागा वाचतोय, लिहू की नको चाललं होतं.

फडकंकाका, चुकलं. प्रश्नमंजुषा आहे असं लिहिलं तर कुणी उत्तर देणार नाही असं वाटलं म्हणून कुतूहल लिहिलं. तुम्ही एवढं मोठं लिहिलंत ते मी तेव्हा पूर्ण वाचलंही नाही, ‘पराग्वे’ दिसलं आणि खाली गेलो. मग तुम्ही सातव्या प्रश्नावर गप्प झालात तेव्हा कळलं की तुमच्या लक्षात आलंय, आणि घाबरून टिंब ठेवलं.

लोणकढी म्हणतात तसं सांगतो: बक्षीस लागलं नाही. १५ पैकी १४ आली, सोडतीसाठी १५ लागत होती. चुकलेला प्रश्न होता, “कलमा लिहिलेला असल्याने शोकप्रसंगीही अर्ध्यावर न उतरवला जाणारा ध्वज कोणत्या देशाचा?” मी अंदाजाने भलतंच लिहिलं. काल निकाल बघितला, मग तुमचा प्रतिसाद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. चौथ्या परिच्छेदात होतं.

तिसरी घंटा

अरेरे. चौथ्या परिच्छेदात.

सव्वादोन

या धाग्याला बक्षीस असतं तर इथेच दिलं असतं.

वाऱ्यावरचं फडकं

काका म्हटलंस म्हणून जास्त बोलत नाही. हसावं की रडावं कळत नाहीये, बायको विचारतेय काय झालं म्हणून.

तो सातवा प्रश्न काय होता रे? नीट लक्षातच राहिला नाही, ‘७)’ बघून डोकं फिरलं. मुदत संपलीये, आता टाक इथे.

कुतूहल१०१

“निव्वळ हिरव्या रंगाचा, त्यावर कसलंही चिन्ह नाही, असा राष्ट्रध्वज कोणत्या देशाचा होता?” हे मला आलं होतं, लिबिया. पण तो तसा का केला आणि बदलला कधी, ते माहीत नाही. (खरंच कुतूहल.)

वाऱ्यावरचं फडकं

१९७७ ते २०११. जेवून येतो, मग बसू. या वेळी सगळं वाचायचं.